पाहुण्याचा शब्द

ज्या पोराने मला मारलं त्याच्या कानात इअरफोन होते आणि तो कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मारताना त्याने बोलणं थांबवलं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने स्कूटर आडवी लावली होती आणि मी फक्त म्हणालो होतो, ‘जरा बाजूला घे.’ ‘हां, बोल, बोल,’ असं पलीकडच्याला म्हणत त्याने उजवा हात उचलला, माझ्या गालावर एक ठेवून दिली, आणि ‘नाही रे, शनिवारी नाही जमणार,’ असं बोलत लिफ्टकडे गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माशी हाकलावी तसं काहीसं होतं. आधी आवाज आला, मग डोळ्यांपुढे पांढरं झालं, दुखलं सगळ्यात शेवटी. वॉचमनने रजिस्टर उघडून त्यात काहीतरी लिहायला घेतलं. मी हातातली भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिन्याने चार मजले चढून वर गेलो. बायकोने, रत्नप्रभाने, दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “दाढ दुखतेय का?” मी म्हणालो, “हो.” पुढचे आठ दिवस मी घरात दाढ दुखणारा माणूस म्हणून वावरलो. तिने लवंगेचं तेल आणून दिलं. मी ते खरोखर लावलं.

त्या आठ दिवसांत मी त्या पोराला किती वेळा मारलं ते सांगता येणार नाही. आंघोळ करताना मारलं, आमटीभात कालवताना मारलं, रिक्षात बसून मारलं. ऑफिसात मी मोटार अपघातांचे दावे तपासतो. बावीस वर्षं डॉक्टरांचे दाखले वाचतोय. माणूस कुठे कुठे मोडतो हे मला तोंडपाठ आहे: खुब्याचं हाड, जबड्याचा सांधा, डाव्या बाजूची नववी, दहावी, अकरावी बरगडी आणि तिच्याखाली प्लीहा. पण हे सगळं कागदावर. मोडलेल्या माणसाला मी कधी हात लावलेला नव्हता, आणि शाळेपासून कोणावर हात उगारलेला नव्हता. आता मात्र एखादा दाखला वाचता वाचता मी त्या जखमा एकेक करून त्या पोराच्या अंगावर घालायचो. तो खाली पडायचा, इअरफोन लोंबकळायचे, आणि मी थांबायचो नाही. मग चहा यायचा. माझा हात कपाकडे जाताना थरथरायचा आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणायचे, “सतीशराव, शुगर तपासून घ्या.” नवव्या दिवशी सकाळी मी रत्नप्रभाला सांगितलं की मुरबाडकडे ऑफिसचं काम निघालंय, चारपाच दिवस लागतील. काम काहीच नव्हतं. कल्याणच्या स्टँडवर जी एसटी सुटत होती तिच्यात बसलो. मुरबाडला उतरलो तर शहापूरकडे जाणारी जीप समोर उभी होती, म्हणून तिच्यात बसलो. वाटेत एका फाट्यावर ड्रायव्हर चहाला थांबला. “उतरा, पाय मोकळे करा,” म्हणाला. मी उतरलो, तो पुन्हा चढलोच नाही.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. फाट्यावर पंचवीसएक दुकानं, एक पिठाची गिरणी, मागे उतारावर घरं, त्यापलीकडे शेतं, आणि शेतांच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला कातकऱ्यांची वाडी. मार्च महिना होता. भात कापून झालेली खाचरं भेगाळली होती आणि घरांच्या पत्र्यांवर तांदळाचे पापड वाळत होते. चहा पिताना गिरणीवाला समोर येऊन बसला. तिशीतला, भुवयांवर पीठ बसलेला. त्याचं नाव मुकेश. “कुनाकडं आलाव, साहेब?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “कोणाकडेच नाही. असाच.” शहरात या उत्तरावर माणूस दोन पावलं मागे सरला असता. मुकेश म्हणाला, “मंग आमच्याकडं ऱ्हावा. वरची खोली मोकळीच हाय.” आणि माझी बॅग उचलून तो चालायलाही लागला. त्याची आई शालनमावशी दारातच पापड उलटत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, “जेवलाव काय?” बस. कोण, कुठला, कशाला, काही नाही. तांदळाची भाकर, सुकट, कांदा. मी जेवत असताना ती समोर बसून राहिली आणि भाकर संपायच्या आत दुसरी टाकत राहिली. “गालाला काय झालंय तुमच्या? सारका हात लावताव,” ती म्हणाली. मी हात खाली घेतला.

चार दिवस मी तिथे राहिलो, आणि इतकी माया मला आयुष्यात कोणी लावली नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळा फाटा मला ओळखत होता. चहावाल्या बाईने माझा चहा बिनसाखरेचा हे एकदा ऐकलं ते पुन्हा विचारलं नाही. शाळेचे गुरुजी मला त्यांच्या आंब्याचा मोहर दाखवायला घेऊन गेले. हरेश म्हणून केस कापणारा होता, त्याचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वर ताडपत्री. त्याने माझी दाढी केली. वस्तरा फिरवण्याआधी त्याने डाव्या हाताने माझा गाल असा अलगद धरला, असा धरला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “लागला काय, साहेब?” तो घाबरून म्हणाला. मी म्हणालो, “नाही, साबण गेला.” त्या दुपारी वरच्या खोलीत पडलो असताना मला जाणवलं की सकाळपासून मी त्या पोराला एकदाही मारलेलं नाही. खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता, दळलेल्या तांदळाचा गरम वास वर येत होता. मला वाटलं, बरा झालो. माणसं चांगली असतात, आपणच चुकीच्या जागी राहतो. असले विचार मी त्या खोलीत खरोखर केले. रत्नप्रभाला फोन करून सांगितलं की दाढ थांबली.

एक गोष्ट मात्र तेव्हाच घडली होती आणि मी ती घडू दिली होती. दुसऱ्या दिवशी गिरणीत बसलो असताना मुकेशने त्याचा मोबाइल माझ्यापुढे धरला. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, भिकाऱ्याच्या वेशात येतात, गोणीत घालून नेतात, असा मजकूर आणि खाली एक अंधुक व्हिडिओ, कुठल्या देशातला ते कळायला मार्ग नाही. “हे खरं असंल काय, साहेब? तुमी शिकलेली मानसं.” दळणाला आलेल्या तिघीचौघी बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बावीस वर्षं खोटे कागद ओळखणं हीच माझी नोकरी. तो मजकूर खोटा आहे हे मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. पण इतक्या माणसांनी माझ्या मताची वाट बघत थांबणं मला गोड वाटलं. झटकन ‘खोटं आहे’ म्हणून ते संपवून टाकावंसं वाटलं नाही. मी मान हलवून म्हणालो, “काही सांगता येत नाही हो. हल्ली काळजी घेतलेली बरी.” एका बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं.

बाजाराचा दिवस उजाडला. दुपारचे बारा वाजले असतील. फाट्यावर ताडपत्र्या अंथरून सुकी मासळी, बांगड्या, कोयते, प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. मी हरेशच्या दुकानापुढच्या बाकावर बसलो होतो, मुकेश शेजारी उभा राहून पानाला चुना लावत होता. बांगड्यांच्या दुकानापलीकडे एक माणूस दिसला. डोकं, मान, हात, सगळं विटेच्या लाल मातीने माखलेलं, एका खांद्यावर भरलेली गोणी, आणि दुसऱ्या हातात एका मुलीचं मनगट. मुलगी सहाएक वर्षांची, शाळेचा निळा फ्रॉक, केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती जमिनीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. तो तिला ओढत होता. ती किंचाळत होती. मी ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या पोटात एक छोटासा आनंद उठला. या गावासाठी काहीतरी करायची संधी. मी म्हणालो, “मुकेश, ती पोरगी बघा.” त्याने पाहिलं. तो अजून चुनाच लावत होता. मग मी म्हणालो, “तिला तो ओढून नेतोय.”

ओढून नेतोय. मी ‘घेऊन चाललाय’ म्हणू शकलो असतो. ‘ती रुसलीय’ म्हणू शकलो असतो. रोज शंभर मुली रस्त्यात अशा बसतात आणि रोज शंभर बाप त्यांना असे ओढतात. पण मी ते क्रियापद निवडलं. मुकेशच्या हातातलं पान खाली पडलं. तो चालत गेला, पळत नाही. त्याने विचारलं, “पोरगी कुनाची रे?” माणूस काहीतरी पुटपुटला. त्याच्या तोंडात शब्द होते, पण ते आतल्या आत होते. त्याची नजर जमिनीवर होती. पाचसहा माणसं थांबली. कोणीतरी म्हणालं, “वर बघ ना. नाव काय तुझं?” कोणीतरी मुलीला विचारलं, “हा तुझा कोन गो?” मुलीभोवती आता फक्त पाय होते, ती नुसती रडत होती. “गोनीत काय हाय बघा.” गोणी खेचली. त्याने गोणी सोडली नाही, म्हणजे अर्थातच चोर. मागून कोणीतरी विचारलं, “काय झालं, काय झालं?” आणि मुकेशचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, “पाहुन्यांनी बघितला! पाहुन्यांनी सोताच्या डोळ्यांनी बघितला!” पंधरावीस चेहरे वळून माझ्याकडे पाहू लागले. मी बाकावरून उठलो होतो. मी मान हलवली, होकारार्थी.

पहिला हात कोणाचा ते दिसलं नाही, आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मला ओळखीचा होता. मग गोणी फाटली आणि तांदूळ रस्त्यावर सांडले, आणि त्या तांदळांवरून पाय घसरू लागले. मारणाऱ्यांचेही घसरत होते. त्यामुळे ते जास्त चिडले. मुकेशने बाजारातल्या कुठल्याशा दांड्याने मारलं, हरेशने चपलेने, चहावाल्या बाईने लांबून दगड टाकला, शाळेचे गुरुजी ‘पोलिसांना बोलवा, पोलिसांना’ म्हणत म्हणत दोनदा पाय मारून गेले. मारण्याचा आवाज सिनेमात ऐकतो तसा नसतो. ओलं गोणपाट आपटावं तसा बसका असतो, आणि मध्ये मध्ये एक कोरडा, काडी मोडल्यासारखा. तो माणूस ओरडत नव्हता. दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो गुडघे पोटाशी घेत होता, आणि बोटांच्या फटींतून एका दिशेला बघत होता. मुलगी त्या दिशेला होती. मी गर्दीत शिरलो. कसा शिरलो? माणसांनी मला वाट करून दिली. “साहेब, या,” असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. माझ्यापुढे त्याची डावी कूस उघडी होती, सदरा वर सरकला होता, लाल मातीवर घामाच्या रेघा. मी बूट मारला. पायाच्या टोकाला काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं आणि माझ्या छातीतून आठ दिवसांचा श्वास बाहेर पडला. मला दुसऱ्यांदा मारायचं होतं म्हणून मी दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा तर मी जागा हेरून मारलं. नववी, दहावी, अकरावी. माझं डोकं अगदी स्वच्छ होतं. मला वाईट वाटत नव्हतं, रागही उरला नव्हता. मला मोकळं वाटत होतं, आणि शेजारी माझी माणसं होती, खांद्याला खांदा लागत होता. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे जे जे मला वाटलं ते सगळं शोभून दिसणारं होतं, आणि हे नव्हतं.

शालनमावशी घरातून आली तेव्हा तिचे हात पापडाच्या पिठाने भरलेले होते. तिने गर्दी हटवली नाही. ती थेट मुलीपाशी गेली, खाली बसली, पिठाच्या हातांनी तिचं तोंड वर केलं आणि विचारलं, “सावळे? तू ठकीची सावळी ना गो?” मुलीने मान हलवली. “मंग रडतंस का? बाबा कुठंय तुझा?” मुलीने बोट केलं. मावशी उभी राहिली. ती ओरडली नाही, मोठ्याने बोललीसुद्धा नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “अरे, तो वाडीवरचा नवसू हाय. दर दिवाळीला आपला गवत कापतो.” तरी एकदोन हात पडलेच, वरून सुटलेले हात खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग मुकेशने वाकून त्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडात आता ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण तो म्हणाला, “नवसू? अरे, बोलायचा ना रे. नाव सांगायचा ना.” आणि त्याच्या आवाजात खरोखर तक्रार होती, जसं काही नवसूने आपल्याला फसवलं.

नंतरचं सगळं फार भराभर आणि फार प्रेमाने झालं. पाणी आलं. जीप आली. चादरी आल्या, एका बाईने आपली नवी चादर आणली. हरेशने डेटॉल आणि कापूस आणून त्याचं तोंड पुसलं, त्याच त्या अलगद बोटांनी. गुरुजी रस्त्यावर बसून तांदूळ गोळा करत होते, खडे आणि रक्त वेचून बाजूला काढत होते. मुलीला कोणीतरी आइसक्रीम दिलं, ते तिच्या हातात वितळत गेलं. नवसूला घेऊन मुकेश स्वतः शहापूरच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि संध्याकाळी परत आला. तोवर मी वरच्या खोलीत बसून होतो. माझ्या बुटाच्या टोकाला काही लागलं होतं का? काही नव्हतं. थोडी लाल माती, ती तर त्या भागात सगळीकडेच असते. खालून बोलणं ऐकू येत होतं. पोलीस येऊन गेले होते आणि गावाने सांगितलं होतं की बाहेरची पोरं होती, मोटरसायकलवरून आली, मारून पळाली, कोणी ओळखलं नाही. मुकेश वर आला, कॉटच्या कडेवर बसला. त्याच्या भुवया धुतलेल्या होत्या, पीठ नव्हतं, त्यामुळे तो वेगळाच माणूस वाटत होता. “साहेब, तुमी सकाळी निघा. तुमी हितं नव्हताच. कोनीच तुमचा नाव घेनार नाय, मी सगल्यांना सांगितलाय. तुमी पाहुनं. तुमाला यात नाय ओढायचा.” मी विचारलं, “तो कसा आहे?” “हाय,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “पोटात रक्त झालंय म्हनं. कापला त्याला. काय तरी काढून टाकला आतला.” त्याने डाव्या कुशीवर हात ठेवून दाखवलं.

मला वाटतं मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं.” सकाळी मावशीने भाकरी बांधून दिल्या, तांदळाच्या पापडांचा एक पुडा दिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. निघताना मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. “तुमी बोलला नसता तर,” एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. चार दिवसांत त्या घरात मला ऐकू आलेलं हे एकच खरं वाक्य. मुकेश मला आसनगाव स्टेशनला गाडीवर सोडणार होता. आम्ही सापगावचा पूल ओलांडला. नदीत बाया कपडे धूत होत्या, उन्हं कोवळी होती. मी हिशेब करत होतो की अकरापर्यंत घरी पोहोचेन, रत्नप्रभाला काय सांगेन. गाडी शहापुरात शिरली आणि मला माझाच आवाज ऐकू आला, “मुकेश, दवाखान्यापाशी थांबव.” तो म्हणाला, “नको, साहेब.” मी म्हणालो, “थांबव.” त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. “बघून या. पन काय बोलू नका. आमची पोरंबालं हाईत,” तो म्हणाला. त्याची माया तशीच होती, पण आता तो मला घाबरत होता.

वॉर्डच्या बाहेर, भिंतीला टेकून एक बाई उकिडवी बसली होती. तिच्याही केसांत लाल माती होती. तिने मला पाहिलं आणि उठून हात जोडले. मी डॉक्टर किंवा कोणी साहेब असेन असं तिला वाटलं. “ठकी का?” मी विचारलं. “व्हय,” ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आतच सांगू लागली. असं भराभर सांगायला तिला गेल्या रात्रीपासून कोणी माणूसच मिळाला नसावा. ती दोघं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. तिला ताप भरला होता आणि तापात ती सारखी पोरीचं नाव घेत होती, म्हणून तिनेच त्याला धाडलं, जा, पोरीला दोन दिवस घेऊन ये. तो आश्रमशाळेत गेला, बाईंना सांगून, अंगठा उठवून पोरीला घेतलं. वाटेत तांदूळ घेतले. “ती म्हनं, बाबा, कडंवर घे. तो म्हनं, खांद्यावर गोनी हाय, चाल. ती बसली खाली. लय लाडकी केलीय त्यानं, चालतंच नाय. म्हनून रडत व्हती, साहेब, कडंवर घे म्हनून.” ती थांबली. “आनि बाहेरच्या पोरांनी मारला त्याला. बाहेरची व्हती, सगळं गाव सांगतंय. गावानी तर आनला हितं, चांगली मानसं म्हनून. नायतर मेलाच व्हता.” तिने पुन्हा हात जोडले, या वेळी माझ्यामार्फत सगळ्या गावाला.

कडेवर घे म्हणून. माझ्या मनात वाक्यं तयार होत होती, पुष्कळ, आणि सगळी चांगली होती. मी काही मदत करेन, मी मोठ्या दवाखान्यात बोलतो, मी सावळीच्या शाळेचं बघतो. त्यांतलं एकही तोंडातून निघेना, कारण प्रत्येक वाक्य मला त्या दारातून बाहेर घेऊन जात होतं. शेवटी निघालं ते तिने विचारलंच नव्हतं. “बाहेरची पोरं नव्हती,” मी म्हणालो. “गावाने मारलं. मी मारलं. पोरीला ओढून नेतोय असं मी सांगितलं, आणि मग मीही मारलं. इथे.” मी माझ्या स्वतःच्या कुशीवर हात ठेवला. ठकी माझ्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं ती किंचाळेल, अंगावर धावून येईल. मी त्याची वाट बघत होतो, मला ते हवं होतं. तिने पदर तोंडाशी धरला. मग ती जिथे बसली होती तिथून दोन हात पलीकडे, फरशीवर, तिने बोट दाखवलं. “मंग हितं बस,” ती म्हणाली. आता ती मला साहेब म्हणत नव्हती. “तो उठंल तवा त्यालाच सांग. मला कशाला सांगतोस?”

मी बसलो. बाहेर मुकेशने दोनदा हॉर्न वाजवला. मग तो आत आला, मला फरशीवर बसलेला पाहून त्याचं तोंड उतरलं. “साहेब, चला ना. गाडी जाईल.” मी मान हलवली. तो खाली वाकला, माझं मनगट धरलं आणि हलकेच ओढलं. “पाया पडतो, साहेब.” मग त्याने ठकीकडे पाहिलं, ठकीने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचे हात सुटले. तो पळून गेला नाही. समोरच्या भिंतीला टेकून तोही खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. आमच्या तिघांच्या मधून नर्स औषधांचा ट्रे घेऊन जात-येत होती. “वाटेतून सरका,” म्हणत होती, आणि आम्ही पाय जवळ घेत होतो. दुपारी एक हवालदार आले, हातात कागदांची फाइल. नवसू शुद्धीवर आला की त्याचा जबाब घ्यायचा होता. ते बाकावर बसून घाम पुसत राहिले. मी त्यांना तिथेच सांगू शकलो असतो. पण ठकीने सांगितलं होतं, त्यालाच सांग, आणि ती जे म्हणाली त्याशिवाय दुसरं काही करण्याचा मला अधिकार उरला नव्हता.

दोनच्या सुमाराला ती आत गेली आणि लगेच दारात आली. “उठला. चल.” मी उठलो तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. हवालदार मागोमाग आले. नवसूचा एक डोळा पूर्ण बंद होता आणि दुसरा चिरेएवढा उघडा. नाकात नळी, डाव्या कुशीवर पांढरी पट्टी, तिच्या कडेने पिवळं औषध. तो इतका लहान होता. बाजारात तो मला मोठा वाटला होता. मी कॉटजवळ उभा राहिलो आणि सांगितलं. माझं नाव, ठाण्याहून आलो, बाकावर बसलो होतो, काय पाहिलं, काय बोललो, किती वेळा मारलं. तीन वेळा. मागे फाइल उघडल्याचा आवाज आला. हवालदार म्हणाले, “काय म्हणालात? पुन्हा बोला, सावकाश. आणि विचार करून बोला हां, मी लिहिणार आहे.” मी पुन्हा बोललो, सावकाश, आणि ते लिहीत गेले. लिहून होईपर्यंत नवसूचा तो उघडा डोळा माझ्यावर होता. त्याच्यात मला काहीच वाचता येत नव्हतं. मग त्याचे ओठ हलले. ठकी खाली वाकली, पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

“पोरीनं बघला काय?” त्याने मला विचारलं.

हवालदारांचं पेन थांबलं. मी नाही म्हणू शकलो असतो. तिला तेव्हा बाजूला नेलं होतं, ती बांगड्या बघत होती, काहीही. त्याला तेवढंच हवं होतं, आणि देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

“हो,” मी म्हणालो. “बघितलं.”

त्याने तो डोळा मिटला आणि फार हळू, पट्टी ताणली जाऊन दुखत असतानाही, तोंड भिंतीकडे केलं.